मोदिकाचं रवाळ चॉकलेट घरच्या ओव्हनमध्ये: केक का बसतो, गनाश का कचकचतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिसिलीतल्या मोदिका गावच्या चॉकलेटविषयी एका खाद्यविषयक पॉडकास्टमध्ये ऐकलं. ओळखीच्यांनी इटलीहून ५० टक्के कोकोचे चार बार आणून दिले. पॉडकास्टमध्ये सांगितलेली तोर्ता काप्रेसेची, म्हणजे बदामाच्या बिनमैद्याच्या चॉकलेट केकची, कृती ऐकून उतरवून घेतली: २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, २०० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम बदामपूड आणि पाच अंडी. केक ओव्हनमध्ये छान फुगला, पण बाहेर काढल्यावर मधोमध खचला. वर ओतलेलं गनाश, म्हणजे गरम सायीत कालवलेलं चॉकलेट, दाताखाली कचकच लागलं. हेच चॉकलेट नानकटाईत घातलं तेव्हा मात्र फार सुंदर लागलं. असं का, आणि उरलेले बार कशात वापरावेत?

तुमच्या हाताचा यात दोष नाही. पॉडकास्टमधली कृती बहुधा ७० टक्क्यांच्या नेहमीच्या डार्क चॉकलेटसाठी असावी, तुमच्याकडे होतं ५० टक्क्यांचं मोदिका. या दोन वस्तूंचं नाव एक असलं तरी बेकिंगच्या हिशेबात त्या वेगळ्या आहेत. मोदिकाचा बार हातात आला की त्याच्याकडे 'चॉकलेट' म्हणून न बघता दोन वेगळे जिन्नस म्हणून बघायचं: इतकी कोको मास (कोकोच्या बिया वाटून केलेला लगदा) आणि इतकी साखर. एवढं केलं की पुढचं बहुतेक सगळं आकडेमोडीनं सुटतं.

आधी त्या रव्याचं, म्हणजे दाण्यांचं, बघू. मोदिका हे सिसिलीच्या आग्नेय भागात, रागूसा प्रांतातलं गाव. सिसिलीवर स्पेनची सत्ता होती, आणि कोको दगडावर वाटण्याची मेक्सिकोतली पद्धत स्पॅनिश लोकांमार्फत तिथं पोचली असं मानतात. मेक्सिकोच्या पाट्याला, मेताते म्हणतात त्याला, अगदी जुळणारा पाटा मोदिकातही वापरात होता. गावातलं चॉकलेटचं सर्वांत जुनं दुकान बोनायूतो १८८० पासूनचं. २०१८ मध्ये मोदिकाच्या चॉकलेटला युरोपीय संघाचा भौगोलिक निर्देशांक मिळाला. घटक मोजकेच: कोको मास, साखर, आणि हवी असल्यास दालचिनी, व्हॅनिला, मिरची, संत्र्या-लिंबाची साल असली चव. वरून कोको बटर, म्हणजे कोकोची चरबी, घालत नाहीत, मिश्रण सैल करणारं लेसिथिन नाही, आणि कॉन्चिंगही, म्हणजे गरम चॉकलेट तासन्‌तास घोटत ठेवणंही, नाही.

याबद्दल पॉडकास्टमध्ये आणि लेखांमध्ये एक वाक्य हमखास येतं: मोदिकात चॉकलेट ४० अंशांच्या आसपासच गरम करतात, त्यामुळे साखर वितळत नाही आणि दाणे राहतात. अर्धवट खरं असलेलं हे वाक्य स्वयंपाकघरात घात करतं. साखर कुठल्याच चॉकलेटमध्ये वितळत नाही. साखर वितळायला १८० अंशांच्या वर तापमान लागतं, आणि चॉकलेट कुठल्याही कारखान्यात तिथपर्यंत जात नाही. ती विरघळतही नाही, कारण विरघळायला पाणी लागतं आणि कोको मासमध्ये पाणी जवळजवळ नसतं. नेहमीचं चॉकलेट गुळगुळीत लागतं ते त्यातली साखर २०-२५ मायक्रॉनपर्यंत दळलेली असते म्हणून. एवढे बारीक कण जिभेला जाणवत नाहीत. शिवाय १८७९ मध्ये बर्नच्या रोडोल्फ लिंडनं शोधलेल्या कॉन्चिंगनं प्रत्येक कणावर चरबीचा थर बसतो. मोदिकात साखर शेवटी, दाणेदारच घालतात आणि नंतर दळत नाहीत. रवा राहतो तो या कारणानं. कमी उष्णतेचा फायदा मुख्यतः वासाला होतो.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की बार कितीही गरम केलात तरी दाणे जाणार नाहीत. डबल बॉयलरवर अर्धा तास ढवळलं तरी नाहीत. उलट कोको मास करपेल, कारण या चॉकलेटमध्ये चरबी कमी असल्यानं ते सैल होत नाही, तळाला बसतं आणि माणूस आच वाढवत जातो. दाणे घालवायचे असतील तर पाणी हवं: साधं पाणी, दूध, साय, कॉफी, अंड्यातलं पाणी, काहीही. आणि दाणे ठेवायचे असतील तर पाण्यापासून ते लांब ठेवायला हवेत. प्रत्येक पदार्थाआधी यातलं एक ठरवून घ्या. तुमच्या गनाशमध्ये दाणे अर्धवट विरघळले म्हणून कचकच झाली. नानकटाईत ओलावाच नव्हता, दाणे अख्खे राहिले, म्हणून तेच दाणे रवाळ आणि छान लागले.

आता आकडे. कोको मासमध्ये साधारण ५४ टक्के कोको बटर असतं आणि उरलेले कोकोचे कोरडे घटक. म्हणजे ५० टक्क्यांच्या १०० ग्रॅम मोदिकात ५० ग्रॅम साखर, सुमारे २७ ग्रॅम चरबी आणि २३ ग्रॅम कोरडा कोको. नेहमीच्या ७० टक्के डार्कमध्ये वरून कोको बटर घातलेलं असतं, त्यामुळे १०० ग्रॅममध्ये साखर ३०, चरबी ४२ आणि कोरडा कोको २८ च्या आसपास. तुम्ही २०० ग्रॅम वापरलंत, म्हणजे साखर ४० ग्रॅम जास्त गेली, चरबी ३० ग्रॅम कमी पडली आणि कोको १० ग्रॅम कमी.

४० ग्रॅम जादा साखरेनं केक का खचतो? साखर अंड्यातली प्रथिनं घट्ट होण्याचं तापमान वर ढकलते. बाहेरची कड शिजून उभी राहते, पण मधला भाग अजून पातळच असतो. तुम्ही वेळ बघून केक बाहेर काढता, वाफ जिरते, आणि मधला भाग आधाराशिवाय खाली येतो. तोर्ता काप्रेसेत मैदा नाही, म्हणजे अंड्याशिवाय दुसरा आधारच नाही. त्यामुळे मैद्याच्या केकमध्ये खपून गेली असती ती चूक इथं दिसते. (काप्रेसे थोडा बसतोच. कडेपेक्षा मध्य एक सेंटिमीटर खाली असणं ठीक. खड्डा पडला तर साखर किंवा ओव्हन बघायचा.)

दुरुस्त प्रमाण असं: ५० टक्क्यांचं मोदिका २०० ग्रॅम, मीठ नसलेलं बटर २३५ ग्रॅम, साखर १६० ग्रॅम, कोको पावडर १० ग्रॅम, बदामपूड २०० ग्रॅम, मोठी पाच अंडी, चिमूटभर मीठ. बटर ३५ ग्रॅम वाढवलं, कारण बटरमध्ये चरबी ८० टक्क्यांच्या आसपासच असते आणि ३० ग्रॅमची तूट भरायला तेवढं लागतं. अंडी वजन करून घ्या. परदेशी कृतीतलं मोठं अंडं कवच काढून ५० ग्रॅमचं धरलेलं असतं, आपल्याकडची बरीच अंडी त्याहून लहान निघतात. पाच अंड्यांचं २५० ग्रॅम भरत नसेल तर सहावं फोडून लागेल तेवढं घाला.

क्रम फार महत्त्वाचा आहे. चॉकलेट सुरीनं बारीक चिरा, बटरबरोबर डबल बॉयलरवर ४५-५० अंशांपर्यंत नेऊन उतरवा. त्यात पाच पिवळे बलक घालून एकजीव करा आणि दहा-बारा मिनिटं तसंच ठेवा, मधूनमधून ढवळत. साखर अजून घालायची नाही. बटर आणि बलक मिळून त्यात साधारण ७५ मिलिलिटर पाणी असतं, ते बारमधले दाणे विरघळवायला पुरतं. वरची साखर आधीच टाकलीत तर तेच पाणी ती पिऊन टाकते आणि बारमधले मोठे दाणे तसेच राहतात. दाणे मुरले की ८० ग्रॅम साखर, कोको पावडर, मीठ आणि बदामपूड मिसळा. उरलेली ८० ग्रॅम साखर पांढऱ्यात हळूहळू घालत, टोक वाकेल इतपतच फेटा. कडक फेटलेला फेस या जड मिश्रणात नीट मिसळत नाही, गोळे राहतात. तीन वेळा करून हलक्या हातानं एकत्र करा. २२-२३ सेंटिमीटरच्या टिनला तळाशी बटर पेपर लावा, १६५ अंशांवर ४५ ते ५५ मिनिटं. काडी कोरडी निघायची वाट बघू नका, ओलसर कण चिकटलेले हवेत, पातळ पीठ नको. टिनमध्येच पूर्ण थंड होऊ द्या. मग काढा.

बदामपूड आपणही थोडी रवाळच असते, त्यामुळे चुकून काही दाणे राहिले तरी या केकमध्ये ते खटकत नाहीत. मोदिकासाठी काप्रेसेची निवड मुळात चांगलीच आहे, फक्त प्रमाण बदलायला हवं.

ओव्हनचंही एक. घरगुती ओटीजीची बटणं २०-३० अंशांनी चुकीची असणं अगदी नेहमीचं. आत टांगायचा थर्मामीटर काही फार महाग मिळत नाही, तो आधी घ्या. कमीत कमी १५ मिनिटं तापवा, दोन्ही रॉड चालू, टिन मधल्या जाळीवर. वरचा रॉड फार जवळ आला तर साखर जास्त असलेल्या या केकचा वरचा पापुद्रा पंचविसाव्या मिनिटालाच काळा पडतो. तेव्हा सैलसर फॉइल टाका.

गनाश. नेहमीच्या डार्क चॉकलेटला जेवढी साय घेता तेवढी इथं घेतलीत तर ते कधीच घट्ट होणार नाही, कारण घट्टपणा देणारं कोको बटरच कमी आहे. १०० ग्रॅम मोदिकाला बाजारातली २५ टक्के चरबीची फ्रेश क्रीम ६० ग्रॅम पुरे. साय उकळीच्या आत, कडेला बुडबुडे दिसेपर्यंत तापवा, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं झाकून ठेवा, मग मधून बाहेर गोल ढवळा. एवढ्यावर थांबू नका. भांडं परत डबल बॉयलरवर ठेवून पाच-सात मिनिटं हळू ढवळत राहा आणि थेंब थंड करून दोन बोटांत चोळून बघा. कण लागला तर अजून वेळ द्या. ६० ग्रॅम सायीत ४० ग्रॅम पाणी आहे आणि ५० ग्रॅम साखर विरघळायला ते पुरतं, पण मोठा दाणा विरघळायला वेळ घेतो. पिठीसाखरेच्या सवयीनं आपण तो वेळ देत नाही. शेवटी १० ग्रॅम बटर घातलं तर चकाकी येते.

उलट चुकूनही चमचाभर पाणी घालू नका. थोडं पाणी सर्वांत वाईट. चॉकलेटच्या मानानं पाणी अगदी कमी असेल तर साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळा गोळा होऊन बसतो. नेहमीच्या चॉकलेटला ६० ग्रॅममागे कमीत कमी एक टेबलस्पून द्रव लागतो. मोदिकाला त्याच्या दुप्पट धरा, म्हणजे १०० ग्रॅमला ५० मिलिलिटरच्या खाली जाऊ नका. गोळा झालाच तर फेकू नका. गरम पाणी किंवा दूध आणखी घाला, तो परत सुटतो आणि सॉस म्हणून वापरता येतो.

अंडं न खाणाऱ्या घरासाठी मोदिकाचा सर्वांत भरवशाचा केक हा पाण्यात विरघळवून केलेला. १८ सेंटिमीटरच्या गोल टिनसाठी: ५० टक्के मोदिका १२० ग्रॅम, उकळतं पाणी १२० मिलिलिटर, ताजं दही १०० ग्रॅम, वास नसलेलं तेल ६० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर १ सपाट टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून. चिरलेल्या चॉकलेटवर सगळं पाणी एकदम ओता, थोडं थोडं नाही. विस्करनं ढवळलं की मिनिटाभरात गडद, चकचकीत सॉस होतो, दाणा एकही राहत नाही. त्यातच साखर आणि तेल. आता थांबा. मिश्रण कोमट झाल्याशिवाय दही घालायचं नाही, नाहीतर दही फाटतं आणि केकमध्ये पांढरे ठिपके दिसतात. मैदा, सोडा, पावडर, मीठ दोनदा चाळून घाला, पंधरा-वीस फटक्यांत मिसळा आणि लगेच ओव्हनमध्ये टाका. सोडा दह्याला भेटला की काम सुरू होतं, ते टिनमध्ये व्हायला हवं, ओट्यावर नाही. १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. इथं काडी स्वच्छ निघाली पाहिजे.

या केकचा रंग बेकरीतल्या काळ्या केकसारखा येणार नाही, तांबूस तपकिरी येईल. काळा रंग अल्कलीची प्रक्रिया केलेल्या कोको पावडरमुळे येतो, बारमधली कोको मास सहसा तशी नसते. रंगासाठी सोडा वाढवू नका. केक साबणासारखा लागेल.

दालचिनीचा बार असेल तर या केकमध्ये तो फार खुलतो. मिरचीचा असेल तर दही १०० ऐवजी ८० ग्रॅम करून २० ग्रॅम साय घाला, तिखटपणा गोलाईला येतो.

नानकटाई तुम्हाला जमलीच आहे, पण प्रमाण नीट करून ठेवावं इतकी ती जोडी चांगली आहे. मैदा १२५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, घट्ट पण मऊ साजूक तूप ९० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, ५० टक्के मोदिका ७५ ग्रॅम, वेलची, चिमूट मीठ. चॉकलेटचे पाच-सहा मिलिमीटरचे तुकडे करा, त्याचा चुरा वेगळा चाळून काढा. चुरा पिठात गेला तर नानकटाई डागाळते. तूप आणि पिठीसाखर हलकं होईपर्यंत फेटा, पीठ मिसळा, तुकडे सर्वांत शेवटी. २२ ग्रॅमचे सोळा गोळे होतात. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग १६० अंशांवर १८-२० मिनिटं. बटर वापरू नका: बटरमधलं पाणी दाण्यांच्या कडा विरघळवतं आणि तो कुरकुरीतपणा चिकट होतो. तुपात पाणी नाही. म्हणूनच आपली नानकटाई या चॉकलेटला एखाद्या युरोपीय कुकीपेक्षा जास्त मानवते, आणि हे मी पूर्ण विचारानं म्हणतो आहे. मोदिकाचे तुकडे ओव्हनमध्ये पसरत नाहीत, चौकोनी उभे राहतात. ते न वितळल्यासारखे दिसले तरी शिजवणं वाढवू नका.

मोदिकातच या चॉकलेटचे पारंपरिक भाजलेले पदार्थ आहेत. 'म्पानातिग्गी' हा त्यातला प्रसिद्ध: करंजीसारखी अर्धगोल पुरी, आत बारीक केलेलं गोमांस, बदाम, साखर, चॉकलेट, दालचिनी, लवंग. मांस चवीला वेगळं कळत नाही, ते सारणाला ओलावा आणि अंग देतं. वांग्याचं सारण भरून केलेला प्रकारही तिथं मिळतो. घरी करायचा तर २५० ग्रॅम वांग्याच्या फोडी मीठ लावून अर्धा तास ठेवा, घट्ट पिळा, थोड्या तेलात पूर्ण मऊ परता, आणि गॅस बंद केल्यावर ८० ग्रॅम बदामपूड, ४० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम किसलेलं मोदिका, अर्धा टीस्पून दालचिनी घाला. सारण हातात गोळा होईल इतकं कोरडं हवं. ओलं राहिलं तर पारी तळाशी कच्ची राहते. वांगं न पिळणं ही इथली एकमेव मोठी चूक.

मोदिका संपलं, आणि कुणी मेक्सिकोचं किंवा फिलिपिन्सचं चॉकलेट दिलं, तर पद्धत तीच, आकडे वेगळे. मेक्सिकोत वाहाकाच्या गिरण्यांमध्ये कोको, साखर आणि दालचिनी एकत्र दळून देतात, काही जण बदामही घालतात. एक किलो कोकोला एक ते दोन किलो साखर असं प्रमाण चालतं. प्यायचं चॉकलेट आहे ते. म्हणजे त्याच्या चकत्यांमध्ये निम्मी किंवा त्याहून जास्त साखरच असते. साखर ६० टक्के असेल आणि कृतीत २०० ग्रॅम ६० टक्क्यांचं डार्क मागितलं असेल, तर १८० ग्रॅम चकत्या, १५ ग्रॅम कोको पावडर आणि ४० ग्रॅम जादा बटर घ्या, आणि कृतीतली साखर २८ ग्रॅमनं कमी करा. फिलिपिन्सची ताब्लेया याच्या अगदी उलट. मेक्सिकोतून गलबतांबरोबर सतराव्या शतकात कोको तिथं गेला, पण ताब्लेया बहुधा नुसती कोको मास असते, साखर नसते. नेहमीच्या १०० ग्रॅम ६० टक्के डार्कऐवजी ताब्लेया ५५ ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, बटर ६ ग्रॅम. ती जाडसर दळलेली असते, तेव्हा पाण्यात किंवा दुधात पाच मिनिटं उकळा आणि गरज वाटल्यास गाळा. उकळताना दाटपणा येतो तो कोकोतल्या स्टार्चमुळे, जळतंय असं समजून पाणी वाढवू नका.

वेष्टनावर टक्केवारीच नसेल तर? मागची पोषणमूल्यांची चौकट वाचा. १०० ग्रॅममागे एकूण साखर आणि एकूण चरबी दिलेली असते. या दोन आकड्यांवर वरचे सगळे हिशेब करता येतात. अमेरिकी वेष्टनावर आकडे एका सर्व्हिंगचे असतात, ते ग्रॅमवरून शंभरावर आणा. घटकांमध्ये साखर पहिली लिहिली असेल तर साखर सर्वांत जास्त आहे. आणि पाम तेल किंवा वनस्पती चरबी दिसली तर ते बहुधा कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेलं, आहे. आपल्याकडे 'कुकिंग चॉकलेट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लाद्या तशाच असतात. मोदिकाऐवजी ते घालून वरची प्रमाणं वापरलीत तर काहीच जुळणार नाही.

आता पॉडकास्टबद्दल, कारण निम्मा घोळ तिथं झाला. बीबीसी रेडिओ ४ चा 'द फूड प्रोग्राम' १९७९ पासून चालू आहे, सिमरन सेठी यांचा 'द स्लो मेल्ट' तर चॉकलेटलाच वाहिलेला होता. चॉकलेट कुठून आलं, कोण पिकवतं, चव कशी घ्यावी, हे शिकायला ऐकण्यासारखं दुसरं साधन नाही. कृती घ्यायला मात्र कान पुरत नाहीत. बोलणारा ओघात टक्केवारी सांगत नाही, 'चांगलं डार्क चॉकलेट' म्हणून पुढे जातो. कृती आवडली की भागासोबतच्या टिपणात लिखित प्रमाण शोधा. नसेल तर तो भाग परत ऐकून पाच गोष्टी टिपा: चॉकलेटची टक्केवारी, बटर मिठाचं की बिनमिठाचं, तापमान कुठल्या मापात, टिनचा आकार, आणि अंडी किती मोठी. अमेरिकी माणूस बोलत असेल तर एक कप म्हणजे २४० मिलिलिटर, आपली आमटीची वाटी नव्हे. बटरची एक स्टिक ११३ ग्रॅम, आठ औंस २२७ ग्रॅम, आणि ३५० फॅरेनहाइट म्हणजे १७५ सेल्सिअस. आठ औंसाचे २०० ग्रॅम लिहून घेणं ही हमखास होणारी चूक. इटालियन कृतीत 'बुस्तिना' आलं तर ते बेकिंग पावडरचं १६ ग्रॅमचं पाकीट, अर्धा किलो मैद्यासाठीचं. अडीचशे ग्रॅमला अर्धंच. पंख्याच्या ओव्हनचं तापमान सांगितलं असेल तर बिनपंख्याच्या ओटीजीत १५-२० अंश वाढवा.

चार बार संपल्यावर काय, हेही तुम्ही विचारालच. इथं मोदिका सहज मिळत नाही, पण त्या पद्धतीचं घरी करता येतं, कारण कोको आता आपल्याकडे चांगला पिकतो. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू, आंध्रचा कोको घेऊन चॉकलेट करणारे लहान उत्पादक आहेत आणि त्यातले काही १०० टक्के, बिनसाखरेची लादी विकतात. (या व्यवसायाला आपला एक हातभार असाही: इडली-डोशाचं पीठ वाटायला कोइंबतूरमध्ये बनणारे छोटे दगडी ग्राइंडर जगभरचे लहान चॉकलेट करणारे कोको दळायला वापरतात.) १०० ग्रॅम अशी लादी घ्या. ७० ग्रॅम डबल बॉयलरवर ४५ अंशांपर्यंत वितळवा, उतरवा, उरलेले ३० ग्रॅम बारीक चिरून घाला आणि ३२-३३ अंशांपर्यंत ढवळत आणा. त्यामुळे बारवर नंतर पांढरे चट्टे येत नाहीत. मग ८० ते १०० ग्रॅम साखर आणि अर्धा टीस्पून दालचिनी. आपली बाजारातली साखर मोठ्या दाण्याची असते, ती तशीच घातली तर दातांना बोचते. मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन बारीक रव्याइतकी करा आणि पिठीचा भाग चाळणीनं काढून टाका. मिश्रण सैलसर लाडवाच्या सारणाइतकं जाड होईल. साच्यात भरून ताट ओट्यावर मिनिट-दोन मिनिटं चांगलं आपटा. मोदिकातही ताटं अशीच आपटतात. हवा निघते, वरचा भाग सपाट आणि चकचकीत होतो. १६-१८ अंशांच्या खोलीत जमू द्या. एसी लावलेली खोली चालेल. या सगळ्यात भांडं, चमचा, साचा पूर्ण कोरडा हवा. डबल बॉयलरची वाफ वर आली तरी घात होतो, म्हणून वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद घ्या.

साठवण शेवटी, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हीच सर्वांत आधी बघायला हवी. मोदिकाच्या बारवर थोडी पांढुरकी झाक असतेच, तो खराब झाल्याची खूण नाही. पण उघडा बार दमट हवेत राहिला, किंवा फ्रिजमधून काढून लगेच उघडला, तर वर पाणी धरतं, साखर विरघळून परत सुकते आणि बार खडबडीत, चिकट होतो. फ्रिजमध्ये ठेवणं भागच असेल तर बार फॉइलमध्ये, फॉइल झिप पिशवीत, पिशवी हवाबंद डब्यात. काढल्यावर डबा न उघडता दोन तास बाहेर ठेवा, खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडा. असा चिकट झालेला बार नानकटाईत घालू नका. पाण्यात विरघळवायच्या केकला किंवा कपभर दुधात तो अगदी चालतो: ३५ ग्रॅम बार, १५० मिलिलिटर दूध, एक उकळी, आणि रवीनं घुसळून फेस काढायचा.